डोळ्यांना दिसेल असा पुरावा : जेम्स मार्श



प्रयोगवहीत आपण मुलांकडून निरीक्षण आणि अनुमान लिहून घेतो. पण आपलं अनुमान दुसऱ्याला पटवायचं कसं, हे कितीदा शिकवतो? हे ज्यांना अनुभवातून शिकावं लागलं, त्या जेम्स मार्श यांची ही ओळख.

मार्श यांचा जन्म १७९४ चा. लंडनजवळच्या वुलिच इथल्या सरकारी शस्त्रागारात ते रसायनतज्ज्ञ होते. तिथल्या लष्करी अकादमीत १८२९ पासून ते मायकेल फॅरेडे यांचे साहाय्यक झाले.

१८३३ मध्ये जवळच्या प्लमस्टेड गावात जॉर्ज बॉडल हे वृद्ध शेतकरी कॉफी प्यायल्यावर आजारी पडले आणि वारले. संशय नातवावर, जॉनवर आला. त्या काळी सोमल, म्हणजे आर्सेनिकचं पांढरं चूर्ण, उंदीर मारायला सहज मिळायचं. त्याला वास नाही आणि लक्षणं पटकीसारखी, उलट्या-जुलाबाची. मग विषबाधा ओळखणार कशी?

तपासणी मार्श यांच्याकडे आली. त्यांनी नमुन्यात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला. पिवळा साका मिळाला, म्हणजे आर्सेनिक होतं! पण न्यायालयात दाखवायची वेळ येईपर्यंत तो साका बिघडला. ज्युरींना खात्री पटली नाही. जॉन निर्दोष सुटला आणि पुढे त्यानेच गुन्हा कबूल केला.

बघा, उत्तर बरोबर होतं, तरी मार्श हरले. पण ते हात चोळत बसले नाहीत. १८३६ मध्ये त्यांनी नवी चाचणी प्रसिद्ध केली. काचेच्या नळीत जस्त, आम्ल आणि नमुना एकत्र करायचा. नमुन्यात आर्सेनिक असेल तर आर्साइन वायू तयार होतो. तो पेटवून ज्योतीवर थंड काच किंवा चिनीमाती धरली की काळसर, चकचकीत डाग उमटतो. हा डाग टिकतो, कुणालाही दाखवता येतो. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाएवढं आर्सेनिकही त्यात सापडतं. या शोधासाठी त्यांना सुवर्णपदक मिळालं. (आर्साइन अतिशय विषारी आहे, हा प्रयोग शाळेत मुळीच करू नका.)

चाचणी चांगली असली तरी हात जपून चालवावा लागतो. जस्तातच आर्सेनिक असलं तर? अँटिमनीचाही तसाच डाग पडतो, मग? म्हणून आधी नमुन्याशिवाय प्रयोग करून बघायचा. १८४० मध्ये फ्रान्समधल्या लाफार्ज खटल्यात स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. शेवटी पॅरिसहून ऑर्फिला यांना बोलवावं लागलं.

आज पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात कूपनलिकांचं पाणी तपासताना याच रसायनाचा उपयोग होतो. बाटलीतून निघणारा आर्साइन कागदावर पिवळा-तपकिरी रंग उमटवतो आणि तो तक्त्याशी जुळवून प्रमाण ठरवतात. भारतात पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. केस, नखं, लघवी यांतलं आर्सेनिक प्रयोगशाळेत यंत्रांनी मोजतात.

मार्श १८४६ मध्ये वारले. आयुष्यभर पगार तुटपुंजा, त्यामुळे कुटुंबासाठी मागे फारसं काही उरलं नाही. पण त्यांची पद्धत उरली.

उद्या एखादं मूल म्हणालं, "सर, माझं उत्तर बरोबर आहे," तर त्याला शाबासकी द्या. आणि मग एवढंच विचारा: आता ते मला दाखवशील कसं?