मादाम क्यूरी आणि क्ष-किरणांची मात्रा

रेडियम म्हटले की मादाम क्यूरी यांचे नाव ओठांवर यावे, इतके ते दोन शब्द एकमेकांशी जडून गेले आहेत. पडक्या छपरीतील त्यांची तपश्चर्या, दोन वेळा लाभलेले नोबेल पारितोषिक, पतीचा अपघाती मृत्यू या गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. परंतु १९१४ ते १९१८ ही चार वर्षे या विदुषीने प्रयोगशाळेबाहेर, रणभूमीच्या पिछाडीस, स्वतः न शोधलेल्या किरणांची उपासना करण्यात घालविली, हे मात्र एखाद्या ओळीतच आटोपले जाते. आमच्या मते त्यांच्या चरित्राचा सर्वांत विलक्षण भाग तोच होय. म्हणून प्रारंभीच्या गोष्टी आम्ही थोडक्यात सांगून पुढे जाणार आहोत.

मारिया स्क्लोडोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. पोलंडचा तो भाग त्या वेळी रशियाच्या सत्तेखाली होता. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. आई क्षयाने गेली तेव्हा मारिया अवघी दहा वर्षांची होती. तेथील विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद. तेव्हा थोरल्या बहिणीने पॅरिसला जाऊन वैद्यक शिकावे, धाकटीने परक्यांच्या घरी मुलांना शिकवून तिला पैसे पाठवावेत आणि मग बहिणीने धाकटीला हात द्यावा, असा त्या दोघींनी करार केला. तो दोघींनीही पाळला. १८९१ साली मारिया पॅरिसला पोहोचली. १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली, तर पुढील वर्षी गणितात दुसरी. जुलै १८९५ मध्ये प्येर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला, म्हणजे बाईंच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे राँटगेन यांना एका अज्ञात किरणाचा पत्ता लागला. अज्ञात म्हणून त्यांनी त्यास बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्या माउलीला सुमारे पंधरा मिनिटे हात न हलविता ठेवावा लागला. हा काळ विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या शोधाच्या मागोमाग १८९६ साली बेकरेल यांना युरेनियममधून निघणारे किरण आढळले. बाईंनी प्रबंधासाठी तो विषय निवडला. १८९८ साली पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये प्रकट झाली. मग कित्येक टन खनिज-कचरा उकळून, गाळून १९०२ साली एक ग्रॅमचा दशांश एवढा रेडियमचा क्षार हाती आला. १९०३ चे पदार्थविज्ञानाचे पारितोषिक पती व बेकरेल यांच्यासह, आणि १९११ चे रसायनाचे एकटीला. मधल्या काळात, एप्रिल १९०६ मध्ये, प्येर क्यूरी पॅरिसच्या रस्त्यात घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून मरण पावले. त्यांचे अध्यापन बाईंनी पुढे चालविले.

१९१४ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये रेडियम संस्थेची इमारत तयार झाली आणि तोच महायुद्ध पेटले. संस्थेतील तरुण सैन्यात गेले. फ्रान्सजवळचे मौल्यवान रेडियम शत्रूच्या हाती लागू नये म्हणून बाईंनी ते शिशाच्या जड पेटीत घालून आगगाडीने बोर्दो शहरी पोहोचविले. राजधानी सोडून जाणाऱ्यांची त्या दिवसांत रीघ लागली होती. बाई मात्र पेटी सुरक्षित ठेवून, सैनिकांनी भरलेल्या गाडीने उलट पॅरिसला परतल्या.

आता करावे काय? रणांगणावरून येणाऱ्या जखमींच्या अंगात बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे रुतलेले असत. शल्यवैद्य सळई घालून मांसात चाचपडत. क्ष-किरणांचा शोध लागून जवळजवळ एकोणीस वर्षे झाली होती. परंतु ती यंत्रे मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत होती, आणि जखमी होते शेकडो मैलांच्या आघाडीवर. बाईंनी क्ष-किरणांवर कधी संशोधन केले नव्हते. वर्गात ते शिकविले एवढेच. त्यांनी शरीररचनेची पुस्तके उघडली, यंत्रे हाताळण्यास शिकल्या आणि जखमींना यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्रच जखमींकडे न्यावे, असे ठरविले.

धनिक व सरदार घराण्यांतील स्त्रियांकडे त्यांनी मोटारी मागितल्या. युद्ध संपल्यावर मोडकळीस आली नसेल तर गाडी परत करू, असेही त्या मोकळेपणी सांगत! गाडीत एक डायनामो बसविलेला. मोटारीच्या इंजिनावर तो फिरावयाचा आणि लांब तारेने वीज इमारतीत न्यावयाची. नळी, तिची घोडी, चमकणारा पडदा, छायाचित्राच्या काचा, काळे पडदे, शिसे घातलेले हातमोजे व आच्छादने, असा सारा संसार त्या गाडीत असे. अशा वीस गाड्या त्यांनी सिद्ध केल्या आणि सुमारे दोनशे ठिकाणी कायम खोल्या उभारल्या. सैनिक या गाड्यांना लाडाने धाकट्या क्यूरी म्हणू लागले. १९१६ साली बाईंनी मोटार हाकण्याचा परवानाही काढला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चिखलात उतरून चाक बदलणारी ही प्राध्यापिका डोळ्यांसमोर आणून पाहावी.

येथवर सारे सामानसुमान झाले. खरी विद्या त्यापुढे होती, आणि तिच्याविषयी लिहावे म्हणूनच आम्ही लेखणी उचलली. आम्ही वाङ्मयाचे पदवीधर. तरी ही गोष्ट आम्हांला समजली ती विद्यार्थ्यांनाही समजेल असा भरवसा वाटतो.

क्ष-किरणांचे छायाचित्र म्हणजे सावली. हाड किरण अधिक अडविते, मांस कमी. किरण जर मृदू, म्हणजे भेदण्याची शक्ती कमी असलेले, असतील तर ते कातडीत व मांसातच जिरतात. काचेवर काही उमटत नाही आणि कातडी मात्र भाजते. उलट किरण फार कठोर असतील तर ते हाडा-मांसातून सारखेच आरपार जातात आणि सगळे चित्र राखी दिसते. ही झाली किरणांची जात. दुसरी गोष्ट त्यांची मात्रा. वेळ कमी दिला तर चित्र फिकट. अधिक दिला तर काच काळवंडते, आणि वेदनेने तळमळणारा जवान तेवढा वेळ स्थिर राहणार तरी कसा? तिसरी गोष्ट अंतर. नळी दुप्पट दूर नेली की तेवढ्याच जागी किरण चौथा हिस्साच पोहोचतात. हाताला पुरणारी मात्रा मांडीला पुरत नाही; सडपातळ पोराला योग्य ठरणारी धिप्पाड गड्याला अपुरी पडते.

त्या काळच्या नळ्यांचा स्वभावही मोठा लहरी. काचेच्या फुग्यात अगदी थोडा वायू ठेवलेला असे. त्या वायूच्या कणांचा आघात ऋणाग्रावर झाला की तेथून इलेक्ट्रॉन सुटत, ते समोरच्या धातूवर आदळत आणि किरण निघत. परंतु वापरता वापरता हा वायू काचेत मुरून जाई. मग नळीस अधिक विद्युद्दाब लागे आणि तिचे किरण कठोर होत. सकाळी उत्तम चाललेली नळी दुपारी बिघडे. त्यावर व्हिलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक युक्ती काढली होती. नळीला जोडलेली धातूची बारीक नळकांडी ज्योतीवर तापविली की तिच्यातून हायड्रोजन आत झिरपे व नळी पुन्हा मृदू होई. ज्योत किती वेळ धरावी, हे मापकाच्या काट्याकडे आणि नळीतील उजेडाच्या रंगाकडे पाहून ठरवावे लागे. १९१३ साली अमेरिकेत कूलिज यांनी जवळजवळ पूर्ण निर्वात नळी बनविली. तिच्यात टंगस्टनची तार तापवून इलेक्ट्रॉन सोडले जातात. तार किती तापवावी यावर किरणांचे प्रमाण, आणि विद्युद्दाब किती द्यावा यावर त्यांची भेदकता, अशा दोन्ही गोष्टी तिच्यामुळे प्रथमच निरनिराळ्या हाती आल्या. आजच्या यंत्रांतही मुळात तीच रीत आहे. फ्रान्समध्ये ही नळी युद्धाच्या उत्तरकाळात येऊ लागली. तोवर गाडीबरोबर जाणाऱ्यांना त्या लहरी नळ्यांचीच मनधरणी करावी लागली.

नुसते चित्र चांगले येऊनही भागत नसे. गोळी दिसली, पण ती किती खोल? येथे बाईंचे गणित कामास आले. एक चित्र घ्यावयाचे, नळी थोडी बाजूस सरकवावयाची आणि त्याच काचेवर दुसरे घ्यावयाचे. गोळीची सावली सरकते. समजा, नळी काचेपासून ६० सेंटिमीटर उंच आहे, ती १० सेंटिमीटर सरकविली आणि सावली २ सेंटिमीटर सरकली. समरूप त्रिकोण मांडून पाहिल्यास गोळी काचेपासून १० सेंटिमीटर उंचीवर आहे असे निघते. नववी-दहावीच्या मुलांनी हे उदाहरण कागदावर अवश्य सोडवून पाहावे. भूमितीचा उपयोग काय, असे विचारण्याची त्यांना फार सवय आहे.

थोरली कन्या इरेन युद्धाच्या प्रारंभी सतरा वर्षांची होती. आईबरोबर राहून ती शिकली आणि लवकरच बेल्जियममधील रुग्णालयात एकटी काम पाहू लागली. तेथील एका लष्करी शल्यवैद्याचा या पोरीच्या भूमितीवर विश्वास नव्हता. त्याने आपल्या रीतीने जखमेच्या तोंडातून शोध घेतला. काही सापडले नाही. शेवटी तिने दाखविलेल्या दिशेने पाहिले, तेव्हा तुकडा मिळाला.

१९१६ पासून बाईंनी स्त्रियांसाठी वर्ग चालविले आणि सुमारे दीडशे जणींना हे काम शिकविले. वीज, किरण, शरीररचना आणि प्रत्यक्ष हाताळणी, एवढे काही आठवड्यांत द्यावयाचे. तेही जिचे शालेय शिक्षण बेताचे अशा मुलींनासुद्धा. ते जमले. शिक्षक म्हणून आम्हांला या दीडशे जणींचे मोल दोन्ही पारितोषिकांहून कमी वाटत नाही. युद्धकाळात या गाड्यांतून व खोल्यांतून दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली, असा हिशेब केला जातो.

जखमीला मात्रा काही क्षणांची मिळे. नळीजवळ उभे राहणाऱ्याला मात्र दिवसभर, वर्षानुवर्षे मिळे. शल्यवैद्य कित्येकदा पडद्यावर पाहत पाहतच शस्त्रक्रिया करी, आणि तोवर नळी चालू ठेवावी लागे. किरणांनी भाजते हे बाईंना चांगले ठाऊक होते. १९०४ साली एडिसन यांचा साहाय्यक डॅली याच किरणांनी मरण पावला होता. त्या इतरांना मोजे घालावयास व किरणांच्या झोतातून बाजूस राहावयास सांगत. परंतु शिशाच्या मोज्यांनी बोटे झाकली तरी बाकीच्या देहावर विखुरलेले किरण पडतच असत. आज एक्स-रे काढताना तंत्रज्ञ शिसे घातलेल्या भिंतीआड जातो, तसा आडोसा शेतातल्या तंबूत कोठून यावा? अशा कामगारांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली ती १९२८ साली, स्टॉकहोम येथे.

युद्ध संपल्यावर १९२१ साली बाईंनी या कार्यावर एक पुस्तक लिहिले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी जमवून त्यांना एक ग्रॅम रेडियम भेट दिले. प्रकृती मात्र ढासळत चालली होती. डोळ्यांत मोतीबिंदू आले, बोटे दुखू लागली. अखेरीस अस्थींतील मगज रक्त बनवीनासा झाला आणि ४ जुलै १९३४ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आल्प्समधील एका आरोग्यधामात त्यांचे देहावसान झाले. रेडियमनेच त्यांचा बळी घेतला, असे पुढे सर्वत्र मानले गेले.

१९९५ साली फ्रान्सने त्यांचे व पतीचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँ या स्मारकात सन्मानाने हलविले. त्या वेळी शासनाच्या किरणोत्सर्ग-संरक्षण विभागाने शवपेटीची तपासणी केली. आत रेडियमचा अंश आढळला, पण मृत्यूचे कारण ठरावे इतका तो नव्हता. बाईंच्या आजाराचे मूळ युद्धातील त्या चार वर्षांच्या क्ष-किरणांत असण्याचा संभव अधिक, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला.