डॉक्टरांच्या अंगणातले टेनिस कोर्ट

राखीव जागांचा विषय निघाला की गुणवत्तेचे ठेकेदार हटकून खेळाकडे वळतात. क्रिकेटच्या संघातही आरक्षण देणार काय, असे ते विचारतात. गुणवत्ता जन्मजात असते, ती आपोआप वर येते, असा त्यांचा दावा. त्यांना आम्ही अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय डॉक्टरची गोष्ट सांगू इच्छितो.

डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांचा जन्म १८९९ चा. कॉलेजात फुटबॉल गाजवल्यामुळे मित्र त्यांना 'वावटळ' म्हणत. १९३२ साली ते डॉक्टर झाले आणि व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग शहरात त्यांनी दवाखाना थाटला. टेनिस त्यांनी प्रौढ वयात हाती घेतले आणि घरामागे स्वतःचे कोर्ट बांधले. कारण उघड होते. गोऱ्यांची कोर्टे काळ्यांना बंद होती, गोऱ्यांच्या स्पर्धाही बंद होत्या. म्हणूनच कृष्णवर्णीयांनी १९१६ सालीच आपली वेगळी टेनिस संघटना उभारली होती.

या संघटनेच्या १९४६ च्या स्पर्धेत हार्लेम वस्तीतील अल्थिया गिब्सन ही मुलगी अंतिम सामना हरली. जॉन्सन आणि त्यांचे मित्र डॉ. ह्युबर्ट ईटन यांनी हरलेल्या मुलीतली ताकद ओळखली. तिची शाळा अर्धवट सुटलेली होती. शाळेचे दिवस ईटन यांच्या घरी आणि उन्हाळा जॉन्सन यांच्या घरी, असे दोघांनी वाटून घेतले. पुढे १९५७ आणि १९५८ साली अल्थियाने विम्बल्डन जिंकले.

पण जॉन्सन एकट्या अल्थियावर थांबले नाहीत, हेच आम्हाला महत्त्वाचे वाटते. १९५१ साली त्यांच्या खटपटीने दोन काळी मुले शालेय राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि लगेच हरून बाहेर पडली. दार उघडून भागत नाही, दारातून आत जाणारी पिढी घडवावी लागते, हे त्यांनी जाणले. दर उन्हाळ्यात त्यांचे घर मुलामुलींनी भरू लागले. कुणी चांगले खेळणारे, कुणी अगदीच कच्चे. नजर आणि हात जुळावेत म्हणून रॅकेटऐवजी झाडूच्या दांड्याने चेंडू मारायला लावत. बागेतील तण काढणे, कुत्र्याचे घर साफ करणे ही कामे मुलांच्याच वाट्याला असत. राहण्या-खाण्याचा भार डॉक्टर स्वतः उचलत.

१९५३ साली दहा वर्षांचा आर्थर अ‍ॅश तिथे आला. आपल्या आधीच्या शिक्षकाने वेगळे शिकवले आहे, म्हणून तो हटून बसला. वडील रिचमंडहून आले आणि इथे डॉक्टरांचेच ऐकायचे, असे त्यांनी बजावले. मुलगा ऐकू लागला. १९६१ साली त्याने तीच शालेय स्पर्धा जिंकली, १९६८ साली अमेरिकन ओपन.

जॉन्सन यांचा एक नियम मात्र आम्हालाही खटकतो. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या किंचित बाहेर पडला तरी तो आत धरून खेळायचा, पंचांशी वाद घालायचा नाही. अन्याय गिळायला शिकवणे ही लाचारी नव्हे काय? पण मुलांना हाकलायला गोऱ्यांना निमित्तच हवे होते, आणि ते मिळू द्यायचे नाही, हा डॉक्टरांचा डाव होता. गप्प राहायला शिकलेला अ‍ॅश पुढे गप्प राहिला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाविरुद्ध निदर्शने करताना १९८५ साली त्याला वॉशिंग्टनमध्ये अटक झाली.

१९७१ साली जॉन्सन वारले. अ‍ॅशचे १९७५ चे विम्बल्डन विजेतेपद त्यांना पाहता आले नाही. २००९ साली टेनिसच्या आंतरराष्ट्रीय सन्मान दालनात त्यांचे नाव आले.

बाबासाहेबांच्या संघर्षामुळे आपल्यातही डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक झाले. बंगले झाले, बंगल्यांना अंगणेही आली. त्या अंगणात वस्तीतली किती मुले येतात? हुशार पोराचा सत्कार करायला आपण सारेच जातो. नापास होणाऱ्या पोराला रोज संध्याकाळी तासभर शिकवायला कोण बसतो? जॉन्सन दवाखाना सांभाळून बसत होते. आपल्याला वेळ नाही, हे कारण आम्हाला तरी पटत नाही.