विर्संगची नळी

इटलीतल्या पादुआत १६४२च्या मार्चमध्ये फाशी गेलेल्या एका गुन्हेगाराचं शव उघडलं होतं. ते काम योहान विर्संगकडे होतं. हा मूळचा जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा. त्याला स्वादुपिंडात आडवी धावणारी एक बारीक नळी दिसली. ती कशासाठी, हे मात्र कळेना. दुसरा असता तर एखादा सिद्धांत ठोकून मोकळा झाला असता. यानं तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरलं, ठसे काढले आणि जाणत्यांकडे पाठवून ही नळी कसली, असं सरळ विचारलं. पॅरिसच्या गुरूंना, रिओलान यांनाही लिहिलं. मला हा माणूस आवडतो तो एवढ्यासाठीच.

उलगडा व्हायच्या आत, २२ ऑगस्ट १६४३ला, एका विद्यार्थ्यानं त्याला गोळी घातली. का, ते नीट कळलं नाही. पुढे मोरिट्स होफमाननं ही नळी आपण आधी टर्की कोंबड्यात पाहिल्याचा दावा केला. नाव विर्संगचंच टिकलं. १६६४मध्ये हॉलंडच्या द ग्राफनं कुत्र्याच्या त्याच नळीतून रस गोळा केल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा ही रस वाहून नेणारी वाट आहे हे उघड झालं.

आमच्या साखरखेर्ड्याच्या पोरांशीही या नळीचा संबंध आहे. थोरल्या सायकलवर हाफ पायडल मारताना पोर पडतं, हँडलचं टोक पोटात बसतं. स्वादुपिंड मणक्यावर आडवं टेकलेलं. दोहोंच्या मध्ये ते चिरडतं. वरून नुसता निळा वण. पोर थोडं रडून खेळायलाही लागतं. पोटदुखी आणि उलट्या कधी दोन-चार दिवसांनी सुरू होतात.

सीटी स्कॅनमध्ये सर्जन मुख्यतः एकच शोधतात: विर्संगची नळी शाबूत आहे की तुटली? शाबूत असेल तर बहुधा सलाईन आणि विश्रांतीवर भागतं. तुटली तर रस झिरपून काही आठवड्यांत त्याची पिशवी बनते. पुष्कळ पिशव्या आपोआप जिरतात. न जिरणारीला जठरात वाट काढून देतात, हल्ली दुर्बिणीतूनही. नळी शेपटाकडे पार तुटली असेल तर कधी तेवढा तुकडा, शक्यतो प्लीहा वाचवून, काढतात. उरलेल्या स्वादुपिंडावर मूल चांगलं वाढतं.

म्हणून बेंबीच्या वर हँडलचा वण आणि पोट दुखतंय असं दिसलं, तर हिंग चोळत बसू नका. मोठं रुग्णालय गाठा आणि मार चार दिवसांपूर्वीचा असला तरी डॉक्टरांना सायकलचं आवर्जून सांगा.