गणिताचे सर आणि न बोलायचे आजार

एचआयव्हीची टेस्ट सरकारी रुग्णालयात फुकट होते, हे कॉलेजातल्या रेड रिबन क्लबमुळे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तरीही मंचरच्या किंवा नारायणगावच्या दवाखान्यात त्या खोलीपर्यंत जायचं म्हटलं की पाय अडतात. केसपेपरच्या रांगेत वाडीतलं कुणी भेटलं तर? घरी कळलं तर? आजाराआधी ओळखीच्या माणसांचीच भीती वाटते. या भीतीशी शंभर वर्षांपूर्वी एक माणूस भांडला होता. तो डॉक्टर नव्हता, गणिताचा प्रोफेसर होता. नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातल्या मुरूडचा. वडील म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवणारे महर्षी कर्वे. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेली. दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी लग्न केलं आणि गावाने घरावर बहिष्कार टाकला. समाज काय करू शकतो, हे या पोराने अकराव्या वर्षीच बघितलं. १८९९ मध्ये मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिला, मग फर्ग्युसन, मग गणिताची प्राध्यापकी. सरळ चाललेलं करिअर! पुढच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. कामजीवनाबद्दल शास्त्रीय पद्धतीने बोलता येतं, लिहिता येतं, या विचाराने त्यांना कायमचं पकडलं.

परत आल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला, म्हणजे आपण या बाबतीत जगाच्या मागे नव्हतो. कर्वे म्हटलं की सगळे संततिनियमनच सांगतात. पण १९२३ मध्ये त्यांचं आणखी एक पुस्तक आलं, ‘गुप्तरोगांपासून बचाव’. मला ते जास्त धाडसाचं वाटतं. मुलं कमी हवीत हे एक वेळ घरात बोलता येईल. गरमी-परम्याचं नाव कोण काढणार?

तेव्हा एचआयव्ही नव्हता, पण गरमी म्हणजे सिफिलिस होता आणि तोही शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला असाच पसरायचा. त्याच्यासाठी रक्ताची वासरमान टेस्ट १९०६ पासून होती, साल्व्हरसान हे औषध १९१० पासून. पेनिसिलिनइतकं सोपं ते नव्हतं, इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागत आणि त्रासही होई. तरी टेस्ट होती, उपचार होता. अडचण होती ती लाजेची. आजार लपवायचा, भोंदू वैदूला पैसे द्यायचे, तोवर बायकोला लागण झालेली. कर्वे म्हणत होते एवढंच की हा जंतूंचा आजार आहे, पापाची शिक्षा नाही. तो टाळता येतो आणि कसा टाळायचा ते स्पष्ट भाषेत सांगितलं पाहिजे.

याची किंमत लगेच चुकती झाली. ते मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजात शिकवत. प्रचार थांबवा, नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला. १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. बायको मालतीबाई पाठीशी होत्या. मूल नको हा निर्णय दोघांचा होता आणि नसबंदी रघुनाथरावांनी स्वतःची करून घेतली. आजही आपल्याकडे ही शस्त्रक्रिया बायकोच्याच वाट्याला येते, तेव्हा विचार करा.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत धर्म, नेते, ब्रह्मचर्य सगळ्यांवर टीका. काही शत्रू त्यांनी उगाच ओढवून घेतले, हे कबूल करायला हवं. पण त्याच अंकांत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असायची. जे प्रश्न बापाला, मास्तरांना, गावच्या डॉक्टरला विचारता येत नव्हते, ते पोस्टाने विचारता येत होते. तोंड दाखवावं लागत नव्हतं.

आणि खटला नेमका या उत्तरांवरच झाला. अश्लीलतेबद्दल १९३१ मध्ये एकदा शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ मध्ये पोलिसांनी पुन्हा पकडलं ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून. या वेळी वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकच लैंगिक शिक्षणाचं आहे, लोक अडचण विचारतात, मग उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं, असा त्यांचा साधा मुद्दा. कोर्टाने तो मानला नाही. दोनशे रुपये दंड.

आज तेच काम सरकारी पगारावर होतं. रुग्णालयाच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात बसलेला समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतो, मग रक्त घेतलं जातं. पॉझिटिव्ह आलं तर एआरटीची औषधं २००४ पासून मोफत मिळतात आणि २०१७ पासून ती प्रतिकारशक्ती घसरायची वाट न बघता सुरू होतात. रोज घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तुमचा रिपोर्ट तुम्हाला न विचारता कुणाला सांगायला २०१७ च्या कायद्याने सहसा मनाई आहे. अडचण तीच, रांगेतल्या ओळखीच्या डोळ्यांची. १०९७ या हेल्पलाइनवर मात्र कर्व्यांच्या वाचकांसारखं तोंड न दाखवता विचारता येतं.

स्वतः कर्व्यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. मासिक ते पदरमोड करून, सव्वीस वर्षं दरमहा काढत राहिले. सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा ते सत्तरीचे होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. नोव्हेंबरचा अंक निघाला, तो शेवटचा.