अहमद निजामशहा आणि चौल बंदर

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही वर्गात इतिहास शिकवीत असता एका विद्यार्थ्याने विचारले होते की, आपल्या नगरच्या कोरडवाहू मुलखाचा समुद्राशी संबंध काय? त्याचे उत्तर नगरच्या संस्थापकाच्या चरित्रात आहे. तेच ज्ञातिबांधवांपुढे सविनय ठेवीत आहोत.

अहमदाचा पिता मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील. बालपणी तो बहमनी फौजेच्या हाती सापडला व मुसलमान झाला, असे तवारीखकार फिरिश्ता सांगतो. स्वकर्तृत्वाने तो बहमनी राज्याचा वजीर झाला. परंतु १४८६ मध्ये बीदर येथे त्याचा घात झाला. त्या वेळी जुन्नर प्रांताचा कारभार अहमदाकडे होता. शिवनेरी व कोकणातील किल्ले घेऊन त्याने आपले बळ वाढविले. १४९० मध्ये भिंगारनजीक बहमनी फौजेचा पराभव करून तो स्वतंत्र झाला, आणि १४९४ मध्ये सीनेच्या काठी त्याने नगर वसविले. १४९९ मध्ये दौलताबादही त्याच्या हाती आले. रस्त्याने जाताना तो इकडे तिकडे दृष्टी टाकीत नसे, अशी त्याच्या सदाचाराची ख्याती होती.

कोकणाबरोबर कुंडलिकेच्या मुखावरील चौल बंदर या राज्यास लाभले. देशावर उत्तम घोडा पैदा होत नसे. तो अरबस्तान व होर्मुझहून जहाजाने येई, आणि घोड्यावाचून फौज नाही. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास घोडा घेऊन चौलास उतरला व घाट चढून जुन्नरास आला, तो याच व्यापारासाठी. मलबारचे नारळ, सुपारी व मसाले, तसेच तांबे आणि पारा चौलास उतरत. तलम सुती कापड व गहू परदेशी जात. हा माल बैलांच्या पाठीवर घाट चढे व उतरे. नगरच्या वैभवाची एक नाळ अशी समुद्रात होती.

तथापि अहमदाचे सामर्थ्य घोडदळाचे होते, आरमाराचे नव्हे. १५०८ च्या मार्चमध्ये इजिप्तचे आरमार व गुजरातचा मलिक अयाज यांनी चौलच्याच खाडीत पोर्तुगीजांस गाठले. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लॉरेन्सो पडला. बंदर निजामशहाचे, परंतु झुंजणारी दोन्ही आरमारे परकी! पुढे लवकरच अहमदाचा अंत झाला आणि बुऱ्हाण बालवयात गादीवर आला. त्याच्याच कारकीर्दीत, १५२१ मध्ये, पोर्तुगीजांस रेवदंड्यास किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने मोठी फौज आणून कित्येक महिने वेढा दिला. समुद्रमार्गे कुमक येतच राहिली; अखेर तह करून त्यास परतावे लागले. पित्याने मिळविलेल्या घराच्या दारावर दुसऱ्याचे कुलूप पडले ते पडलेच.

२०२४ मध्ये नगराचे नाव अहिल्यानगर झाले. त्याच्या संस्थापकाची कबर बागरौझ्यात आहे. मुलाबाळांस घेऊन ती अवश्य पाहावी, आणि पुढे कधी अलिबागेकडे जाणे झाल्यास रेवदंड्याचा तटही दाखवावा. मिळविणे ही एक विद्या आहे आणि राखणे ही दुसरी, हे त्यांस तेथे उभे राहून सांगावे. आमच्या त्या विद्यार्थ्यास तेव्हा एवढे विस्ताराने सांगता आले नाही. ते ऋण आज फेडले.