मेहर बाबांची उड्डाणे

काटई-बदलापूर रस्त्यावर नेवाळीजवळ जे मोकळे रान दिसते, तिथे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी धावपट्टी बांधली. तिच्यासाठी गेलेल्या जमिनीवरून २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, हे अंबरनाथ-उल्हासनगरकर विसरलेले नसतील. शेजारची कल्याण छावणीही, जिचे पुढे उल्हासनगर झाले, त्याच युद्धाची. त्या युद्धात आपल्या वायुदलाने मुख्यतः जे लढाऊ विमान चालवले ते हरिकेन, आणि हरिकेन म्हटले की मेहर सिंग.

वायुदलात त्यांना 'मेहर बाबा' म्हणत. आपल्या नगरच्या मेहेरबाबांशी त्यांचा काही संबंध नाही. जन्म २० मार्च १९१५ चा, लायलपूरचा. क्रॅनवेलला शिकून १९३६ मध्ये ते अधिकारी झाले. डिसेंबर १९४२ मध्ये त्रिचनापल्लीला सहा क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, ती त्यांच्या हाती आली.

हरिकेन आकाशात देखणे, जमिनीवर मात्र अडाणी. शेपटीचे चाक टेकलेले असले की लांबलचक नाक समोरचे सारे झाकून टाकी. त्यामुळे वैमानिक नागमोडी जात, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने डोकावत पुढे सरके. रेंगाळायचीही सोय नव्हती. पोटाखालच्या रेडिएटरला वारा मिळाला नाही की मर्लिन इंजिन तापे. आपल्याकडच्या उन्हात तर विचारायलाच नको. पंख्याची पाती बारीक कोनात आणून थ्रॉटल हळूहळू पुढे ढकलायचा. विमान डावीकडे ओढ घेई, ती उजव्या पायाने आवरायची. शेपटी उचलली की समोरचे दिसू लागे.

खरी कसोटी पुढेच. चाके वर घेण्याचा दांडा उजव्या हाताला, आणि उजव्या हातात तर सुकाणू! जमीन नुकतीच सुटलेली असताना थ्रॉटल सोडून डाव्या हाताने सुकाणू धरायचे आणि उजव्याने दांडा ओढायचा. थ्रॉटल आधी आवळून ठेवला नसेल तर तो मागे सरकण्याची भीती. नवख्याचे विमान या हातबदलात हेलकावे खाई. मग इंजिनाचे फेरे कमी करून ताशी सुमारे १४० मैलांनी चढायचे.

कॉक्स बझारहून १९४३-४४ मध्ये मेहर सिंगांची माणसे जोडीने निघत. एक जपानी ठाण्यांची छायाचित्रे घेई, दुसरा शत्रूवर नजर ठेवी. जपानी विमाने अधिक चपळ होती, त्यामुळे कमावलेली उंची सोडून झाडांच्या शेंड्यांवरून जाणे शहाणपणाचे ठरे. या कामगिरीबद्दल मेहर सिंगांना १९४४ मध्ये डी.एस.ओ. मिळाला.

काश्मीरच्या लढाईत ते डकोटा घेऊन पूंछच्या आखूड पट्टीवर उतरले. २४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्यांना घेऊन लेहला गेले. साडेअकरा हजार फुटांच्या आसपासची ती कच्ची पट्टी. तिथल्या विरळ हवेत इंजिनाचे बळ घटते, पंखांची उचलही घटते आणि धाव लांबते. माझ्या मते उतरण्यापेक्षा तिथून परत उठणे हेच मोठे धाडस. त्यांना महावीर चक्र मिळाले. आपल्या हृषीकेश मुळगावकरांनाही त्याच लढाईत ते मिळाले.

त्याच वर्षी मेहर सिंगांनी वायुदल सोडले. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीला येताना वादळात त्यांचे विमान कोसळले. सदतिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.