पंडिता रमाबाई आणि मरणाचें स्मरण

पंडिता रमाबाईंची तसबीर आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. पांढरें पातळ, आंखूड केस, शांत मुद्रा. ती शांतता कोठून आली, एवढेंच येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. त्यांच्या विद्वत्तेचें व परदेशगमनाचें वर्णन इतरत्र पुष्कळ झालें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ. सारें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं फिरे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला, आणि वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेलीं. आई अखेरच्या घटका मोजीत असतां रमाबाईंनीं एका घरीं जाऊन मोठ्या संकोचानें बाजरीची भाकर मागून आणिली. परंतु आईला ती खाण्याची शुद्धच उरली नव्हती. पुढें प्रेत उचलावयास माणसें मिळेनात. शेवटीं दोघां ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडली म्हणून त्यांनीं आपल्या वांट्याचा भार डोक्यावर घेतला. स्मशान सुमारें तीन मैल दूर होतें. विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत घ्यावें कीं, त्या वेळीं त्यांचें वय आपल्या वरच्या वर्गांतील मुलींएवढेंच होतें.

१८८० मध्यें भाऊ गेला. १८८२ मध्यें पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें वारले. चोवीस वर्षें पुरीं होण्याच्या आंत हें सर्व झालें. जवळ उरली एक तान्ही मुलगी, मनोरमा.

इतक्या दुःखानें माणूस कडवट झाला तर त्याला दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. रमाबाई तशा झाल्या नाहींत. पण तेंही एका दिवसांत घडलें नाहीं. १८८३ मध्यें इंग्लंडांत वांटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्तावर पुरती भिस्त टाकून मनाला स्वस्थता मिळण्यास पुढें आणखी कित्येक वर्षें लागलीं. त्यानंतर मात्र आपले दिवस मोजके आहेत हा विचार त्यांना भिववीनासा झाला आणि रोजच्या वागण्यांत उतरला.

१८९६ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. वर्गणी जमेपर्यंत थांबावें, असाच व्यवहाराचा सल्ला कोणीही दिला असता. रमाबाई थांबल्या नाहींत. उशीरा आलेली भाकर काय कामाची, हें त्यांना ठाऊक होतें. शेंकडों अनाथ मुली त्यांनीं पुण्याजवळ केडगांवीं आणिल्या. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर मुक्तिसदनांतील माणसें दोन हजारांच्या घरांत गेलीं. तेथें विहिरी खणल्या, शेत पिकविलें, माग चालविले. उद्यां आपण नसलों तरी मुलींना पोट भरतां यावें, हा त्यांतला हेतु.

उतारवयांत कानांनीं नीट ऐकूं येईनासें झालें, तरी हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर करण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. खेड्यांतील अल्पशिक्षित बायांना तें कळावें, ही त्यांची तळमळ. अठरा वर्षांच्या आंतबाहेर तें चाललें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. आपल्या मागें जिनें सर्व पाहावयाचें, तीच आधीं गेली! रमाबाईंनीं टेबलावरचे कागद बाजूस सारले नाहींत. शेवटचीं मुद्रितें तपासून झालीं आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. मुक्तिसदनाच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांनींच तें बायबल छापलें. १९२४ मध्यें तें संपूर्ण बाहेर पडलें.